नीळ घातलेली आकाशगंगा

आमच्या शिंदखेड्यात निवडणूक लागली की कोणाचा जोर आहे ते आम्ही आबांच्या जिभेवरून ओळखायचो. आबा पेंटर. ब्रशाचं टोक जिभेवर ओलं करून घ्यायची त्यांना सवय होती. शेजारी पाण्याचा डबा भरून ठेवलेला असला तरी ब्रश आधी तोंडात जायचा आणि मग भिंतीवर. शाळेसमोरच्या टपरीवर ते चहाला आले की टपरीवाले नाना म्हणायचे, "दखाडा आबा, आज कोना पक्ष?" आबा निमूटपणे जीभ बाहेर काढायचे. कधी हिरवी, कधी निळी, कधी केशरी. एकदा तिन्ही रंग निघाले. नाना म्हणाले, "आज युती व्हयनी वाटस." सगळी टपरी हसली. आबा हसले नाहीत. ते हसायचेच नाहीत. चहा प्यायचे, कपाच्या कडेला रंगाचा ओठ उमटवून ठेवायचे आणि निघायचे.

त्या रंगांत शिसं असतं, हे मी त्यांना वीस वेळा तरी सांगितलं असेल. ते म्हणायचे, "माले नही चढस." जसं काही मी दारूबद्दल बोलत होते.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. कशामुळे ते कागदावर कोणी लिहिलं नाही. त्या कारणावर मी एरवी चार पानांचं पत्रक काढलं असतं, आणि कदाचित अजून काढीन. पण आज मला दुसऱ्या एका गोष्टीचा जाब हवा आहे, आणि तो कारखान्याच्या शेठजींकडे किंवा सरकारकडे मागायचा नाही. माझ्याकडेच मागायचा आहे.

आबा हे त्यांचं नाव नव्हे. नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मला आठवत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात बाकीचे पेंटर आपलं नाव आणि फोन नंबर टाकतात. आबा टाकत नसत. "भित मना नावनी थोडी शे?" एवढंच म्हणायचे.

नवी भिंत हाती घेण्याआधी ते तिला चाटायचे. ही थट्टा नाही. तळहाताने धूळ पुसायची, तोंड जवळ न्यायचं, जिभेचं टोक लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग निकाल. "गोड शे," म्हणजे काम सुरू. "खारी शे," म्हणजे आबा सामान उचलून चालायला लागणार. एका नव्या सभागृहाच्या भिंतीला त्यांनी असंच नाकारलं, तेव्हा तिथला तरुण इंजिनिअर हसून म्हणाला होता, "काका, सिमेंट कोणत्या कंपनीचं आहे तेही चाटून सांगा ना." काम दुसऱ्याला गेलं. पुढच्या दिवाळीच्या आत त्या भिंतीचा रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला. आबा तिथून रोज जायचे, पण कधी मान वर करून पाहिलं नाही.

भिंत पूर्ण झाली की ते परांचीवरून खाली उतरायचे आणि जो पहिला माणूस दिसेल त्याला विचारायचे, "व्हयनी का?" झाली का? चांगली झाली का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. भाजीवाली असो, पोस्टमन असो, पहिल्या माणसाने "व्हयनी" म्हणायचं. मग ते ब्रश धुवायला घ्यायचे. कोणी काहीच बोललं नाही तर तिथेच उभे राहायचे. एकदा पहिला दिसलेला माणूस परगावचा ड्रायव्हर निघाला, त्याला हे काही ठाऊक नव्हतं. तो बिचारा "काय झाली?" म्हणून विचारत राहिला आणि आबा त्याच्यासमोर पाच मिनिटं ताटकळले.

आणि त्यांचा एक कायदा होता. एका उमेदवाराच्या प्रचारात त्यांच्याकडून प्रभागाचा आकडा चुकला. कार्यकर्ते म्हणाले, आबा, अंधार पडल्यावर पुसून टाका, कोणाला कळणार नाही. आबा दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले, बाजाराचा दिवस बघून. गर्दी थांबून बघत होती आणि ते आकडा खरवडत होते. कार्यकर्त्यांनी शिव्या घातल्या. आबा म्हणाले, "चुकेल अक्षर दिवसले पुसानं. बठ्ठास्ना समोर पुसानं. अंधारमा पुसस तो चोर." बठ्ठा म्हणजे सगळा, सगळे.

मी तेव्हा नववीत असेन. घरी गेल्यावर मी ते वाक्य वडिलांना सांगितलं आणि त्यांनी ते एका पत्रकात छापलं, आबांना न विचारता. आमच्या घरात असंच होतं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील कामगार संघटनेसाठी ती लिहायचे, आई घड्या घालायची, आम्ही भावंडं वाटायला जायचो. 'निषेध' हा शब्द मला 'बदक' या शब्दाच्या आधी लिहिता येत होता. खरं ते छापायचं, छापलं ते वाटायचं, वाटलं त्याला उभं राहायचं, एवढंच मला शिकवलं गेलं. सांगायचं कोणाला आणि कसं, हा धडा त्यात नव्हता.

भिंतींवरचं काम पुढे संपलं. फ्लेक्स आला. आबांचा एकुलता मुलगा त्यांच्याच हाताखाली अक्षरं शिकला होता. तो आधी फ्लेक्सच्या दुकानात बसला आणि मग सुरतेला साडीच्या छपाईत गेला. तिथे तो चोविसाव्या वर्षी तापाने गेला. आबांनी सुरतेहून आल्यावर तिसऱ्या दिवशी एका दवाखान्याची पाटी रंगवली. त्यानंतर ते भेटेल त्याला वय विचारायला लागले. नाव, गाव, जात काही नाही. "किती वरीस व्हयनात?" माणसाला विचारायचे, झाडाला विचारायचे, पाडायला काढलेल्या घरालाही.

अक्षरांचं काम गेल्यावर आबांकडे चुना मारण्याची कामं उरली. आमच्याकडे चुन्यात चिमूटभर नीळ घालतात, म्हणजे पांढरा रंग उठून दिसतो. आबा दरवर्षी सुट्टीत शाळेला चुना मारायचे. आणि शाळा दरवर्षी जरा जास्त निळी दिसायला लागली. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षी नाना म्हणाले, "आबांनी शाळेले गणवेश घाली दिन्हा." आम्ही हसलो. आबांचा स्वतःचा सदराही तसाच असायचा, निळसर. "पांढरं म्हणजे पांढरं दिसाले पाहिजे," ते म्हणायचे. मी बी.एस्सी.ला होते. डोळ्याचं भिंग वयाने पिवळं पडतं, त्यातून निळा रंग कमी आत येतो, हे मी धड्यात वाचून त्यावर पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं. पण तो धडा मला त्या भिंतीवर दिसला नाही. किंवा दिसला असेल आणि मी त्याच्याकडे लक्ष दिलं नसेल. 

शेठजींचं घराणं राजस्थानातून आलेलं. आजोबांचं कापडाचं दुकान, नातवाचा नरडाण्याकडे सूत रंगवायचा कारखाना. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी शाळेत विज्ञानाचा हॉल बांधून दिला. त्याच्या व्हरांड्यातल्या लांब भिंतीवर आकाशगंगा काढायची होती. फ्लेक्स लावला असता तर एका दिवसात झालं असतं, पण शेठजींना लहानपणी दुकानाची पाटी रंगवणारे आबा आठवले. हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं.

आबांनी भिंत चाटली. गोड निघाली. मग ते माझ्याकडे आले.

"मास्तरीन," ते मला तेव्हापासूनच मास्तरीन म्हणायचे, "ह्या फोटोमा काय काय शे ते माले वाचीसन सांग. समजल्याबिगर मी काढत नही."

शाळेने त्यांना एका दीर्घिकेच्या फोटोची छापील प्रत दिली होती. सर्पिल दीर्घिका, पण मधोमध आडवा दांडा असलेली. आपली स्वतःची आकाशगंगाही याच जातीची आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणली आणि धुळ्याहून परतणाऱ्या दुपारच्या बसमधून उतरले की थेट हॉलवर जायला लागले. आबा परांचीवर, मी खाली पायरीवर. मी वाचायचे, मराठीत सांगायचे. ते ऐकायचे आणि आधीच काळी रंगवून घेतलेल्या भिंतीवर खडूने रेघा मारायचे.

मी सांगितलं, मध्ये फुगवटा आहे, त्यातून आरपार ताऱ्यांचा लांब दांडा गेलाय, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांपासून दोन भुजा निघून गोल फिरल्यात.

"घाणा," आबा वरून म्हणाले. "घाणाना दांडा फिरस तसा."

मी म्हटलं, बरोबर. आणि घाण्यात तेल मध्ये उतरतं तशी या दांड्याच्या कडेने वायू आणि धूळ मध्याकडे ओढली जाते. म्हणून दांड्यालगत त्या काळ्या रेघा दिसतात. सगळा माल केंद्राकडे, आबा. खुद्द दांड्यात नवे तारे फारसे जन्मत नाहीत. मला यात आमचं पुढचं पत्रक दिसायला लागला होता. मी म्हटलं, "बघा, तिथेही हीच व्यवस्था. केंद्र सगळं ओढून घेतं."

"आकाशले पक्षमा घालू नको," आबा म्हणाले. "रंग सांग."

रंग सांगितला. फुगवटा आणि दांडा पिवळा, तांबूस. कारण तिथले तारे म्हातारे आहेत, अब्जावधी वर्षांचे, हळू जळणारे. भुजा निळ्या, कारण तिथे ताऱ्यांचा जन्म चालू आहे आणि नव्यांतले मोठे तारे निळे असतात. मध्ये मध्ये गुलाबी ठिपके, ती त्यांची बाळंतिणीची खोली. आणि सगळ्यांच्या बाहेर, वर-खाली विखुरलेले गोल पुंजके, ते सगळ्यांत जुने. गावाबाहेर राहणारे म्हातारे.

आबांनी खडू थांबवला. तारे म्हातारे असतात आणि रंगावरून त्यांचं वय सांगता येतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जगातल्या प्रत्येकाला वय विचारत फिरणाऱ्या माणसाला मी सांगत होते, की वर असं एक गाव आहे जिथे विचारावं लागत नाही.

"निया किती वरीसना?" त्यांनी विचारलं. निया म्हणजे निळा.

"फार कमी. निळे तारे प्रचंड तेजाने जळतात आणि लवकर मरतात. इतके लवकर, की जिथे जन्मले त्या भुजेच्या फार लांब जायला त्यांना वेळच मिळत नाही. म्हणून निळे फक्त भुजांमध्ये दिसतात. पिवळे मात्र म्हातारे होईपर्यंत सगळीकडे फिरून येतात."

"म्हणजे गाव सोडाले टाइमच नही."

"नाही."

आबांनी खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "मना पोऱ्या गाव सोडीसन मरना. मंग त्याले कोठे ठेवू?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.  दुसऱ्या दिवशी बघते तर भिंतीवर काळ्याशिवाय अजून दुसऱ्या रंगाचा एक ठिपका पडला नव्हता, पण दोन्ही भुजांच्या बाहेर, रिकाम्या काळ्यात, एक निळा तारा होता. बोराएवढा. मी म्हटलं, "आबा, तिथे निळा तारा नसतो."

"शे एक," आबा म्हणाले.

तो तारा चांगला निळा होता. पुडीतला तयार रंग, काही न मिसळता. बाकीचे रंग ते करवंट्यांमध्ये स्वतः कालवायचे, डोळ्याच्या मापाने.

पुढचे पंधरा दिवस मी गेले. त्यांनी धुळीच्या रेघा काढल्या, गुलाबी ठिपके मांडले. शेठजी एकदा येऊन गेले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पेंटरसाहेब, मध्ये जरा चमक जास्त ठेवा हं. फोटो चांगला आला पाहिजे." आबा म्हणाले, "मधला म्हातारा शेतस, शेठ. ते चमकत नहीत." शेठजी हसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आर्टिस्ट लोक."

त्याच सुमारास शेठजींच्या कारखान्यातल्या बायका आमच्या संघटनेकडे आल्या. रंगाच्या हौदातून त्या हातमोज्यांशिवाय सूत काढत होत्या. त्यांच्या हातांची सालं गेली होती. एकीच्या हाताला कोपरापर्यंत कातडी अशी राहिलीच नव्हती, आणि ती ते हात पदराखाली लपवत होती, जणू चूक तिची होती. आम्ही निवेदनं दिली, दारात बसलो. आणि शेठजींनी बांधलेल्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवलं. आबांना मी म्हटलं, "तुम्हीही सोडा हे काम."

"भितले काय समजस, मालक कोन शे?"

"तुम्हाला तर समजतं ना?"

"समजस," ते म्हणाले. "पन आर्धी आकाशगंगा कोन सोडस?"

मी चिडून निघाले. तिथून पुढे महिनाभर त्यांना कोणी वाचून दाखवलं नाही. पिवळा आणि निळा हे दोन्ही रंग त्यांनी त्या महिन्यात लावले, एकट्याने.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी मी बसमधून उतरून चालले होते. व्हरांड्याचा पडदा वाऱ्याने उडाला होता आणि परांची निघाली होती. मी रस्त्यावरूनच पाहिलं. दांडा पांढराशुभ्र चमकत होता, निळसर झाक असलेला, कोवळ्या ताऱ्यांचा असावा तसा. आणि भुजा दिसतच नव्हत्या. जिथे निळं हवं तिथे इतका गडद, इतका जड रंग चढवलेला होता की तो काळ्यात बुडून गेला होता. म्हातारे तरुण झाले होते आणि तरुण अंधारात गेले होते. त्या काळोखात फक्त एक बोराएवढा निळा तारा होता, एकटा.

आबांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. पाच मिनिटांचं अंतर. मी त्या बाजूला वळले नाही. मला वाटलं, शेठजींनी मध्ये चमकवून घेतलंच शेवटी, आणि आबा नमले. दुसरं काही असू शकतं हे मनात आलंच नाही, असं मी म्हणू शकत नाही. शाळेच्या निळ्या भिंती मला रोज दिसत होत्या. पण राग माझ्या सोयीचा होता. घरी जाऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात त्या एकट्या ताऱ्याचीही खिल्ली होती. ते वाक्य मी खोडलं. तेवढी लाज शिल्लक होती.

बाकीचं छापलं. चांगलं जमलं होतं. वडील म्हणाले, "आजवरचं तुझं सगळ्यात धारदार."

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही शाळेच्या फाटकाशी ते वाटलं. समोर टपरीच्या बाकावर आबा बसले होते, धुतलेला सदरा घालून. नाना गावातलं प्रत्येक पत्रक मोठ्याने वाचायचे, गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून, आणि पुढे काय लिहिलंय हे आधी कधी बघायचे नाहीत. तसंच त्यांनी तेही वाचायला घेतलं. कारखान्याचं आलं, हातांचं आलं, बाकावरची माणसं "खरं शे" म्हणाली. मग नाना पुढे वाचत गेले:

"आता शेठजींची आकाशगंगा पाहा! जिथे म्हातारे तारे असायला हवेत तिथे झगमगाट, आणि जिथे नवे तारे जन्मतात तिथे मिट्ट काळोख. ज्यांना आकाशातलं तरुण-म्हातारं ओळखता येत नाही ते आमच्या मुलांना विज्ञान शिकवणार!"

शेवटच्या शब्दाला नानांचा आवाज बसला. त्यांनी कागद खाली केला.

"पुन्हा वाच," आबा म्हणाले.

"राहू द्या आबा, कागद तं काहीबी छापतस."

"वाच."

नानांनी पुन्हा वाचलं, हळू आवाजात. आबा म्हणाले, "मी तं पिवया काढेल व्हतात." मग उठून रस्ता ओलांडून माझ्यासमोर आले. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता.

"तू दखं?"

"हो."

"कव्हय?"

"चार दिवस झाले."

"मना घर तुले माहीत शे," आबा म्हणाले. विचारलं नाही. नुसतं म्हणाले.

आतमध्ये पाहुण्यांनी पडदा ओढला होता आणि टाळ्या वाजत होत्या. शंभर माणसं होती, शिक्षक होते. एकालाही काही चुकलेलं दिसत नव्हतं. माझं पत्रक नसतं तर कोणाला कधी कळलंच नसतं, आणि आबा ते काम मनात घेऊन सुखाने गेले असते. ते गर्दीतून सरळ भिंतीशी गेले. नाना मागोमाग. मीही गेले. शपथ मोडून.

आबांनी दांड्यावर बोट ठेवलं. "नाना, हाऊ कोनता रंग शे?"

"पांढरा, आबा."

"पिवया नही?"

"नही."

बोट भुजेवर गेलं. "आनि हाऊ?"

"काया."

"निया नही?"

 आबांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन केलेल्या त्यांच्या भावाचा डोळा गेला होता, म्हणून स्वतःच्या डोळ्यांना त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. दिसतंय की, असंच म्हणायचे. आणि दिसत तर होतंच. फक्त पांढरं ते त्यांना पिवळं दिसत होतं.

शेठजी पुढे आले. त्यांच्या हातात पत्रक होतं, पण आवाज चढलेला नव्हता. "अहो पेंटरसाहेब, मनावर घेऊ नका. फोटो झालेत. मस्त दिसतंय. कोणाला कळतंय?"

"माले कयनं," आबा म्हणाले.

शाळेच्या मागच्या भिंतीसाठी पिंपात चुना भिजवलेला होता. आबांनी तो बादलीत काढला, पिशवीतून निळीची पुडी काढली. चिमूट टाकली, ढवळलं, पाहिलं. चिमूट टाकली, पाहिलं. त्यांच्या डोळ्याला तो पांढरा दिसेपर्यंत टाकत राहिले. पुडी संपली.

पाहुणे जेवायला निघून गेले. मुलं राहिली, शिपाई राहिले, नाना टपरी उघडी टाकून राहिले. शिडी लावून आबांनी कुंचा फिरवायला सुरुवात केली, मधून, फुगवट्यापासून. चुना ओला असताना काहीच झाकत नाही. उलट त्या ओलाव्यात दांडा, धुळीच्या रेघा, गुलाबी ठिपके, सगळं आधीपेक्षा स्वच्छ दिसलं. मग ऊन वर चढलं, चुना वाळत गेला आणि आकाशगंगा आतल्या आत विझत गेली. आधी भुजा, मग ठिपके. दांडा सगळ्यांत शेवटी. आबा खाली बसून वाळायची वाट बघत होते. मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, मी मारते दुसरा हात." त्यांनी मान हलवली. "चूक मनी शे."

माझीही होती. ते वाक्य तिथे मोठ्याने म्हणायला हवं होतं, भर दुपारी, सगळ्यांसमोर. मी म्हटलं नाही. आज छापते आहे, आणि ऐकायला ते नाहीत.

दुसऱ्या हाताला त्यांनी कुंचा कडेला नेला. भुजांच्या बाहेर, जिथे तो एक तारा होता तिथे ते थांबले. तो तरी त्यांना दिसत होता का, मला माहीत नाही. त्यांनी भिंतीच्या कोपऱ्यापासून वितीने अंतर मोजलं, तीन विती, जागा सापडली. तळहात त्यावर ठेवला. मग हात काढून कुंचा फिरवला.

ती भिंत अजून तशीच आहे. नव्याने आलेले शिक्षक विचारतात, बाकी व्हरांडा पिवळा आणि एवढी एकच भिंत निळी का. गडद निळी, एवढी निळी की मुलांचे गणवेश तिच्यापुढे फिके दिसतात.

आबा शिडीवरून उतरले. कोपरापर्यंत हात निळे. वळले तेव्हा पहिली दिसले ती मी.

त्यांना आता आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नव्हता, म्हणून त्या दिवशी प्रश्न जरा लांबला. "व्हयनी का पांढरी?"

मागे मुलं होती. एकाने तोंड उघडलं, आणि नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  माझ्या हातात उरलेली पत्रकं होती.

"व्हयनी, आबा."

"बठ्ठी?"

"बठ्ठी," मी म्हटलं.